चालकाच्या खांद्यामागचा साक्षीदार

वेगाची एक मोठी अडचण अशी आहे की, ज्याने तो अनुभवला त्यालाच त्याची विश्वसनीय हकीकत सांगता येत नाही. ताशी 150 किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात सुमारे 42 मीटर अंतर कापते. तेवढ्या अवधीत चालकाला ब्रेक दाबावा लागतो, गिअर बदलावा लागतो, वळणाचा आतला काठ हेरावा लागतो आणि मागून येणाऱ्या गाडीची आरशातून दखल घ्यावी लागते. आणि फेरी संपवून, शिरस्त्राण काढून तो गाडीबाहेर उभा राहतो तेव्हा त्याच्या स्मरणात बहुधा जे घडावेसे वाटत होते तेच उरलेले असते. जे प्रत्यक्ष घडले त्याची रुजवात घालण्यासाठी दुसरा कोणी तरी गाडीत हजर असावा लागतो. तो दुसरा कोणी म्हणजे चालकाच्या खांद्यामागे बसवलेला कॅमेरा होय.

ट्रॅकवर मोटार चालवणारा हौशी मनुष्य जेव्हा आपल्या गाडीसाठी व्हिडिओ कॅमेरा निवडू लागतो, तेव्हा चित्र किती सुस्पष्ट येते, भिंग कोणते आणि किंमत काय, हेच प्रश्न तो प्रथम विचारतो. हे प्रश्न गैर नाहीत. परंतु या विषयाचा इतिहास थोडा बारकाईने पाहिला तर असे आढळते की, यंत्र बसवायचे कोठे, बांधायचे कसे आणि हादऱ्यांपासून राखायचे कोणत्या उपायाने, याचा बंदोबस्त ज्याने आधी केला, त्यालाच प्रत्येक पिढीत यश लाभले. चित्राची प्रत त्या बंदोबस्ताच्या मागून येते. हा निष्कर्ष कोणकोणत्या प्रयत्नांतून सिद्ध झाला त्याची कैफियत वाचकांपुढे ठेवावी, असा या लेखाचा हेतू आहे.

चालत्या वाहनावर कॅमेरा ठेवण्याची कल्पना चित्रपटाइतकीच जुनी आहे. ल्युमिएर बंधूंच्या चित्रांचा खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात 7 जुलै 1896 रोजी झाला. त्याच वर्षी त्यांचा छायाचित्रकार अलेक्झांद्र प्रोमियो याने व्हेनिसच्या कालव्यात गोंडोल्यावर कॅमेरा ठेवला आणि दोन्ही काठांचे प्रासाद पडद्यावर सरकताना दाखवले. 1897 मध्ये अमेरिकेत हॅव्हरस्ट्रॉ येथील बोगद्यातून जाणाऱ्या आगगाडीच्या अग्रभागावरून चित्रण झाले, आणि 1906 च्या एप्रिल महिन्यात, भूकंपाने सॅन फ्रान्सिस्को शहर उद्ध्वस्त होण्यापूर्वी अवघे काही दिवस, माइल्स बंधूंनी केबल कारच्या पुढच्या टोकावरून मार्केट स्ट्रीटचे दृश्य टिपून ठेवले. परंतु पाण्यावरची नाव आणि रुळांवरची गाडी ही दोन्ही वाहने स्वभावतः संथ असून, हाताने मूठ फिरवीत कॅमेरा चालवणाऱ्या मनुष्याला त्यांवर उभे राहण्यास जागा होती. शर्यतीच्या मोटारीत यांपैकी काहीच नव्हते. तेथे इंजिनाचा अखंड कंप, रस्त्याचा प्रत्येक खळगा थेट सांगाड्यापर्यंत पोहोचवणाऱ्या कडक स्प्रिंगा, आणि जेमतेम एका माणसाच्या देहापुरती जागा. म्हणून मूठ फिरवणाऱ्या माणसाला रजा देऊन आपोआप चालणारा कॅमेरा तयार होईपर्यंत मोटारीतील चित्रणाला थांबावे लागले.

या इतिहासातील एक प्रसंग तपशिलाने सांगण्याजोगा आहे. 1955 च्या ल मां येथील 24 तासांच्या शर्यतीत ऐंशीहून अधिक माणसे प्राणास मुकली. ती शर्यत जिंकणारा इंग्रज चालक माइक हॉथॉर्न पुढच्याच वर्षी जॅग्वार कंपनीची डी-टाइप मोटार घेऊन त्याच मार्गाची एक फेरी घालण्यास निघाला तेव्हा त्याच्या गाडीवर एक कॅमेरा आणि बोलण्यासाठी मायक्रोफोन होता. ल मांचा तेरा किलोमीटरहून लांब असलेला शर्यतमार्ग बव्हंशी सार्वजनिक रस्त्यांचा, आणि ही फेरी झाली त्या वेळी ते रस्ते रहदारीस खुले होते. त्यामुळे जगातल्या सर्वांत वेगवान मोटारींपैकी एक मोटार सायकलस्वारांना आणि मालमोटारींना ओलांडीत पुढे जाते, आणि चालक इंजिनाच्या गर्जनेवर आवाज चढवून, कोणते वळण आले आणि तेथे गाडीची कशी तजवीज करायची, हे शांतपणे सांगत राहतो, असे ते विलक्षण चित्र आहे. चित्राची प्रत आजच्या कोणत्याही साध्या फोनपेक्षा हीन आहे. तरीही सत्तर वर्षांनंतर ते पाहणारा मनुष्य त्या मार्गाविषयी बरेच काही शिकतो, कारण चालकाला दिसणारा रस्ता आणि चालकाच्या मनातला विचार या दोहोंची गाठ तेथे एका फितीवर पडली आहे. उपयुक्त चित्रणाचे प्रमाण म्हणून मी या फेरीकडे पाहतो.

पुढच्या दशकात चित्रपटसृष्टीने हे काम आपल्या साधनसंपत्तीनिशी हाती घेतले. 1966 साली जॉन फ्रँकनहायमर याने 'ग्रां प्री' हा चित्रपट दिग्दर्शित केला तेव्हा स्टुडिओत उभ्या केलेल्या मोटारीमागे पडद्यावर रस्ता सरकवण्याची रूढ युक्ती त्याला मान्य नव्हती. त्याने मोठ्या आकाराच्या फितीचे अवजड कॅमेरे प्रत्यक्ष गाड्यांवर बांधले. नायकाचे काम करणाऱ्या जेम्स गार्नरने स्वतः मोटार चालवली, आणि 1961 चा जगज्जेता फिल हिल याने कॅमेरे लादलेली गाडी हाकली. या चित्रपटाला संकलन आणि ध्वनी या विभागांतील ऑस्कर पारितोषिके मिळाली, ही गोष्टही ध्यानात घेण्यासारखी आहे. कारण वेगाची प्रतीती डोळ्यांइतकीच कानांनीही होते, हे सत्य मोटारीत कॅमेरा बसवणारा मनुष्य पुष्कळदा विसरतो.

त्याहून कठोर परीक्षा 1970 च्या जून महिन्यात ल मां येथे झाली. स्टीव्ह मॅक्वीन या नटाच्या सोलर प्रॉडक्शन्स या संस्थेने 'ल मां' या चित्रपटासाठी एक पोर्शे 908 मोटार प्रत्यक्ष शर्यतीतच उतरवली. त्याच वर्षी मार्चमध्ये सेब्रिंगच्या 12 तासांच्या शर्यतीत मॅक्वीनने पायाला प्लास्टर असताना पीटर रेव्हसन याच्या जोडीने दुसरा क्रमांक मिळवला होता; तथापि ल मांमध्ये स्वतः भाग घेण्याची मुभा त्याला मिळाली नाही, आणि कॅमेरे वाहणाऱ्या गाडीचे सारथ्य हर्बर्ट लिंगे व जोनाथन विल्यम्स यांच्याकडे आले. पुढच्या आणि मागच्या बाजूस कॅमेऱ्यांची बैठक केलेली ती मोटार रात्रंदिवस खऱ्या प्रतिस्पर्ध्यांच्या मध्ये धावली. तिची खरी विवंचना फितीची होती. 35 मिलिमीटरची फीत नेहमीच्या गतीने चालवली तर मिनिटाला 90 फूट खर्ची पडते. म्हणजे हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते, आणि ल मांच्या त्या काळच्या हिशेबाने तेवढ्यात मोठ्या कष्टाने तीन फेऱ्या होतात. रिळे बदलण्यासाठी गाडीला वारंवार थांबावे लागले, आणि अंतराच्या हिशेबाने नववी येऊनही, किमान अंतर पुरे न झाल्यामुळे, निकालाच्या अधिकृत दफ्तरात तिचे नाव लागले नाही. त्या शर्यतीत हान्स हेरमान व रिचर्ड ॲटवुड यांनी पोर्शेला ल मांचे पहिले संपूर्ण विजेतेपद मिळवून दिले, आणि तो विजय ज्या रस्त्यावर घडला त्या रस्त्याचे दर्शन जगाला घडवले ते नोंद न झालेल्या या नवव्या गाडीने.

रिळाच्या लांबीची ही बेडी तोडली ती दूरचित्रवाणीने. 1979 साली ऑस्ट्रेलियातील बाथर्स्ट येथे, माउंट पॅनोरमा नावाच्या डोंगरावर चढून पुन्हा उतरणाऱ्या सहा किलोमीटरच्या मार्गावरील 1000 किलोमीटरच्या शर्यतीत, सिडनीच्या चॅनल सेव्हनच्या तंत्रज्ञांनी 'रेसकॅम' या नावाची योजना अमलात आणली. पीटर विल्यमसन याच्या टोयोटा सेलिका गाडीत कॅमेरा बसवला गेला. त्याचे चित्र सूक्ष्मलहरींच्या द्वारे डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या हेलिकॉप्टरकडे आणि तेथून जमिनीवरील केंद्राकडे जाऊ लागले, आणि शर्यत चालू असतानाच विल्यमसन प्रेक्षकांशी बोलू लागला. त्या दिवशीची शर्यत पीटर ब्रॉक आणि जिम रिचर्ड्स यांनी सहा फेऱ्यांच्या अंतराने जिंकली. परंतु चित्रणाच्या इतिहासात विजेत्यांहून विल्यमसनचे नाव अधिक अगत्याने घेतले जाते. फॉर्म्युला वनमध्ये हे घडण्यास आणखी सहा वर्षे लागली. 4 ऑगस्ट 1985 रोजी न्युर्बुर्गरिंग येथील जर्मन ग्रां प्रीमध्ये रेनॉने फ्रांस्वा एनो याच्यासाठी तिसरी गाडी उतरवली आणि तिच्यावर थेट प्रक्षेपण करणारा कॅमेरा बसवला. क्लच निकामी झाल्यामुळे आठ फेऱ्यांतच तिचा कार्यभाग आटोपला. तेवढ्या आठ फेऱ्यांनी मात्र जगाला कळून चुकले की, कडेच्या मनोऱ्यावरून सावकाश सरकणारी दिसणारी मोटार आतून पाहिली असता केवढ्या झटापटीने ताब्यात ठेवावी लागते.

इथपर्यंतचा सर्व उद्योग प्रेक्षकांसाठी होता. चालकाने स्वतःसाठी, आपले दोष पाहण्यासाठी, कॅमेरा बसवावा ही कल्पना सामान्य मनुष्याच्या आवाक्यात आली ती चुंबकीय फितीचा कॅमेरा हाती आल्यावर. 1983 मध्ये सोनीचा बीटामूव्ही, 1984 मध्ये जेव्हीसीचा लहान कॅसेटचा कॅमेरा, 1985 मध्ये सोनीचा आठ मिलिमीटर फितीचा पहिला हँडीकॅम, आणि 1989 मध्ये अवघा 790 ग्रॅम वजनाचा टीआर-55, अशा पायऱ्यांनी हे यंत्र खांद्यावरून तळहातावर उतरले. याच सुमारास व्हिडिओ कॅसेटींवरील काही चित्रणांनी मोटारप्रेमींच्या एका पिढीची दृष्टी घडवली, आणि त्यांपैकी दोहोंचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाणे मला शक्य नाही.

पहिले चित्रण अमेरिकेतील पाइक्स पीक पर्वतावरचे. सुमारे 20 किलोमीटर लांबीचा, 156 वळणांचा आणि त्या काळी मातीखडीचा असलेला हा चढ 1988 मध्ये फिनलंडच्या आरी वातानेन याने पूझो 405 टर्बो 16 या मोटारीतून 10 मिनिटे 47.22 सेकंदांत पार करून विक्रम केला, आणि झाँ-लुई मूरे याने त्यावर 'क्लाइम्ब डान्स' हा पाच मिनिटांचा लघुपट केला. त्यात एका वळणावर सूर्य समोरून डोळ्यांत शिरतो. एका बाजूस कठडा नसलेली दरी, मागची चाके खडी उडवीत बाहेर सरकत आहेत. अशा क्षणी वातानेन एक हात स्टिअरिंगवरून उचलून कपाळावर आडवा धरतो आणि दुसऱ्या हाताने गाडी तशीच पुढे नेतो. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कॅमेऱ्याला तो हात कधीच दिसला नसता.

दुसरे चित्रण जपानमधील सुझुका मार्गावरचे. 1990 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आयर्टन सेना याने होंडाची एनएसएक्स मोटार तेथे चालवली तेव्हा एक कॅमेरा खाली, पेडलांच्या दिशेने रोखलेला होता. पायांत साधे नित्याचे बूट आणि पांढरे मोजे. ब्रेक दाबलेल्या पावलाचीच कड वळवून ॲक्सिलरेटरला दिलेला नेमका झटका. आणि वळणाच्या ऐन मध्यात त्याच ॲक्सिलरेटरवर एकामागून एक भराभर पडणारे हलके टोले. ही सेनाची खास रीत होती, आणि ज्यांनी ती केवळ ऐकली होती त्यांना ती प्रत्यक्ष पाहायला मिळाली ती पायांपाशी बसवलेल्या या कॅमेऱ्यामुळे. जपानमध्येच 1987 पासून 'बेस्ट मोटरिंग' हे व्हिडिओ-मासिक निघत होते, आणि त्सुकुबाच्या दोन किलोमीटरच्या मार्गावर केइची त्सुचिया यांच्यासारखे निष्णात चालक गाडी चालवताना कॅमेऱ्याशी बोलत असत. हॉथॉर्नने घालून दिलेली वहिवाट त्यांनी नियमित शिरस्त्यात रूपांतरित केली.

आता हौशी चालकाच्या अडचणी पाहू. कारण निवडीचा प्रश्न खरा उभा राहतो तो येथे. 1995 मध्ये डिजिटल फीत आली आणि सोनीच्या व्हीएक्स-1000 सारख्या यंत्राने घरगुती चित्रणाची प्रत एकदम उंचावली. परंतु ही प्रत ज्या तंत्रावर उभी होती ते पाहिले म्हणजे ट्रॅकवर ती का ढासळत असे हे कळते. डिजिटल कॅसेटच्या कॅमेऱ्यात चित्र लिहिणारा दंडगोल मिनिटाला 9000 वेळा फिरतो आणि फितीवर तो ज्या तिरप्या रेषा काढतो त्यांची रुंदी मिलिमीटरचा शंभरावा भाग असते. कडक सस्पेन्शनची मोटार वळणाच्या कडेवरील रंगीत दगडी पट्टीवरून गेली की तो दंडगोल आणि ती फीत यांचा सूक्ष्म संबंध क्षणभर तुटे आणि चित्रावर चौकोनी ठिपक्यांचे ठिगळ उमटे. नेमके तेच क्षण पाहण्यासाठी तर कॅमेरा बसवलेला असे. यावर उपाय निघाला तो असा की, कॅसेटचा कॅमेरा फोमच्या आवरणात बांधून आसनामागे ठेवायचा आणि बोटाएवढा वेगळा कॅमेरा रोलकेजच्या नळीला जखडून त्याची तार त्या कॅसेटयंत्रात जोडायची. डोळा एकीकडे आणि स्मृती दुसरीकडे, अशी ही विभागणी होती. बोटाएवढ्या भिंगाचे चित्र मोठ्या कॅमेऱ्याच्या तुलनेत भुरकट येई. तरीही अनुभवी चालकांनी तीच योजना पसंत केली, कारण भुरकट पण अखंड साक्ष ही सुंदर पण खंडित साक्षीपेक्षा केव्हाही श्रेष्ठ असते.

त्यानंतर हार्डडिस्कवर चित्र साठवणारे कॅमेरे बाजारात आले आणि फितीच्या जाचातून सुटका झाली अशी अनेकांची समजूत झाली. घरातल्या समारंभासाठी ही यंत्रे उत्तमच होती. परंतु हातातून पडल्याची चाहूल लागताच तबकडीवरचे शीर्ष सुरक्षित जागी नेऊन ठेवणारी संरक्षक व्यवस्था त्यांच्यात होती, आणि ट्रॅकवरच्या हादऱ्यांना हे यंत्र पतन समजून लेखन थांबवी. अखेर ज्यात हलणारा एकही भाग नाही असे स्मृतिकार्ड स्वस्त झाले तेव्हाच हा प्रश्न निकालात निघाला.

स्मृतिकार्डाच्या आधारावर जो लहान कॅमेरा जगभर पसरला त्याचा उगम मोटारीत नव्हता. निक वुडमन या अमेरिकन तरुणाने लाटांवर स्वार होणाऱ्यांसाठी मनगटावर बांधण्याचा कॅमेरा योजून गोप्रो ही कंपनी काढली. 2004 मधले तिचे पहिले यंत्र साध्या 35 मिलिमीटर फितीवर स्थिरचित्रे घेणारे होते. 2009 च्या अखेरीस तिचा हाय-डेफिनिशन कॅमेरा आला. पाण्याला आणि आघाताला दाद न देणारे कवच, 170 अंशांपर्यंतचा दृष्टिविस्तार आणि कोठेही चिकटणारी बैठक हे त्याचे तीन गुण शर्यतीच्या गाडीला जणू मोजून बेतले होते. मात्र त्याच्यासोबत एक नवा दोषही आला. जुन्या सीसीडी संवेदकात सबंध चित्र एकाच क्षणी टिपले जाई. नव्या सीमॉस संवेदकात ते वरून खाली ओळीओळीने वाचले जाते. बैठक सैल असेल आणि इंजिनाचा कंप कॅमेऱ्यापर्यंत पोहोचत असेल तर वरची ओळ आणि खालची ओळ यांच्यामध्ये कॅमेरा जागचा हललेला असतो आणि समोरचा डॅशबोर्ड खरवसाच्या वडीसारखा थरथरू लागतो. यावर महागडा कॅमेरा हा उपाय नव्हे. आखूड, जाड आणि घट्ट बैठक हाच उपाय होय. चित्र स्थिर करणारी अंगभूत व्यवस्थाही येथे कामास येत नाही, कारण गाडी वळली की ती कॅमेराच हलला असे समजून चित्र उलट दिशेने सरकवते, आणि समोरचा रस्ता निश्चल राहून गाडीच हेलकावे खात असल्याचा आभास होतो. ती व्यवस्था बंद ठेवावी, हा अनुभवाने सिद्ध झालेला नियम आहे.

चित्राला आकड्यांची जोड मिळाली तेव्हा या साक्षीदाराची जबानी पूर्णत्वास गेली. रेसलॉजिक या इंग्रज कंपनीसारख्या उत्पादकांनी उपग्रहाच्या साहाय्याने सेकंदाला दहा वेळा स्थान आणि वेग मोजून ते आकडे चित्रावरच छापण्याची सोय केली, आणि शेव्हरोले कंपनीने 2015 च्या कॉर्व्हेट मोटारीत असे नोंदणीयंत्र कारखान्यातूनच बसवून दिले. आता दोन फेऱ्या शेजारी शेजारी मांडून कोणत्या वळणावर किती वेळ गेला याची शहानिशा करता येते. टक्कर झाली असता दोष कोणाचा याचा निवाडा करतानाही पंच हे चित्रण मागवतात. उलट, न्युर्बुर्गरिंगच्या 20.8 किलोमीटरच्या जुन्या उत्तर मार्गावर सर्वसामान्यांना पैसे भरून गाडी चालवता येते, पण तेथे चित्रणाला मनाई आहे, कारण कॅमेरा पुढे असला की मनुष्य स्वतःच्या कुवतीपेक्षा अधिक वेगाने जाऊ पाहतो. साक्षीदार हजर असण्याचा हा दुष्परिणामही निवड करणाऱ्याने ध्यानी ठेवला पाहिजे.

आपल्या देशात या विद्येचे महत्त्व दुप्पट आहे, असे मी मानतो. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर ज्या शर्यती चालत त्यांना 1990 मध्ये इरुंगट्टुकोट्टई येथे कायमचा मार्ग मिळाला; कोइंबतूरजवळचा करी मोटर स्पीडवे 2003 चा आणि ग्रेटर नोएडाचा 5.125 किलोमीटरचा बुद्ध मार्ग 2011 चा. तिन्ही ठिकाणे महाराष्ट्राच्या सीमेबाहेर. पुण्याचा एखादा हौशी चालक कोइंबतूरला जातो तेव्हा हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करून त्याच्या वाट्याला एखादा दिवस, आणि त्या दिवसातल्या मोजक्या फेऱ्या येतात. शेजारी बसून चुका सांगणारा गुरू दर वेळी मिळत नाही. अशा माणसाला त्या फेऱ्यांचे निर्दोष चित्रण घरी आणता आले तर एका दिवसाचे शिक्षण त्याला वर्षभर पुरते. आणि बैठक ढिली होऊन निम्मे चित्रण छताचे झाले तर प्रवासाचा मोठा लाभ वाया जातो. आपल्याकडच्या उन्हात बंद गाडीत लहान कॅमेरे तापून आपोआप बंद पडतात आणि काचेवरच्या हवादाबाच्या चकत्या सुटतात, ही इथल्या निवडीची विशेष बाजू आहे.

तेव्हा सव्वाशे वर्षांच्या या प्रयत्नांतून हाती येणारा निवाडा स्पष्ट शब्दांत मांडतो. कॅमेरा निवडण्यापूर्वी त्याची जागा निवडावी. दोन्ही पुढच्या आसनांच्या मध्ये, किंचित मागे, डोक्याच्या उंचीला, रोलकेजच्या नळीवर अथवा मागच्या आसनाच्या दांड्यांवर तो असा जखडावा की चालकाचे हात, स्टिअरिंग, वेगमापक आणि समोरचा रस्ता ही चारही एका चौकटीत येतील. दृष्टिविस्तार गरजेपेक्षा अधिक घेऊ नये, कारण अतिरुंद भिंगाने वळण दूर भासते. प्रकाशाचे मोजमाप बाहेरच्या रस्त्यावर बांधून ठेवावे, नाही तर अंधाऱ्या अंतर्भागाकडे पाहून कॅमेरा काचेबाहेरचे सर्व पांढरेफेक करतो. मायक्रोफोन वाऱ्याच्या झोतापासून दूर ठेवावा, म्हणजे इंजिनाचा आणि टायरांचा आवाज ऐकून काय चुकले ते कळेल. फोकस स्थिर ठेवावा. आणि बैठकीखेरीज एक स्वतंत्र दोरी अवश्य बांधावी. अपघातात गुरुत्वाच्या वीसपट मंदन झाले तर 300 ग्रॅमचा कॅमेरा 6 किलोच्या वजनासारखा चालकाच्या मस्तकाकडे फेकला जातो, आणि म्हणूनच शर्यतीचे पंच गाडी सोडण्यापूर्वी ती बैठक हाताने ओढून पाहतात.

या अटी पुऱ्या करणारे जे यंत्र तुमच्या ऐपतीत बसेल ते घ्यावे. त्याच्या चित्राची प्रत मध्यम असली तरी खंत करू नये. आणि घरी परतल्यावर ते चित्रण इतरांना दाखवण्याआधी एकदा एकट्याने, शेवटपर्यंत, आपल्या हातांकडे लक्ष ठेवून पाहावे, एवढीच प्रत्येक हौशी चालकाला माझी विनंती आहे.